राष्ट्राध्यक्षांचा मित्र

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती अंडी पोचवायला.

दोन हजार वीसचा मार्च महिना होता. मी आयर्लंडमध्ये, कॉर्कला भाषांतराचं एम.ए. करत होते. पुण्यात सात वर्षं शिकलेल्या स्पॅनिशच्या जोरावर इथवर आले होते. विद्यापीठ बंद झालं, वसतिगृह रिकामं व्हायला लागलं, तेव्हा मी दोन बॅगा उचलून मेयो परगण्यातल्या कासलबारला ताईकडे गेले. ताई तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. ती सकाळी जायची ती अंधार पडल्यावरच यायची, आल्याबरोबर कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकायची आणि माझ्यापासून लांब, जिन्याच्या पायरीवर बसून जेवायची. मला दिवसभर काही काम नव्हतं. सत्तरीच्या पुढच्या लोकांनी घराबाहेर पडायचं नाही असा नियम झाला होता आणि गावातला फुटबॉल क्लब त्यांच्यासाठी वाणसामान पोचवणारी माणसं शोधत होता. मी नाव दिलं.

पिशवी दारात ठेवायची, बेल वाजवायची आणि सहा पावलं मागे व्हायचं, अशी पद्धत होती. दार उघडलं. उंच, वाकलेले, पांढऱ्या भुवयांचे एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी पिशवी उचलली आणि तिचा तळ फाटला. अंडी फरशीवर. त्यांच्या तोंडून एक शिवी निघाली. शिवी स्पॅनिश होती आणि चांगलीच झणझणीत होती.

मी वाकून पाहिलं आणि स्पॅनिशमध्येच म्हणाले, "दोन वाचलीत."

ते तसेच थांबले. माझ्याकडे वळले, पण पाहिलं माझ्या कानाच्या बाजूला. पुढे कळलं, त्यांच्या डोळ्यांना समोरचं दिसायचं नाही, कडेचं तेवढं दिसायचं.

"तू कुठली?"

"पुण्याची."

"हे कुठल्या देशात आलं?"

"भारतात."

दाराच्या चौकटीला हात टेकून ते खूप वेळ हसले. "चौतीस वर्षं झाली मला तिथून परत येऊन," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत माझी शिवी कुणाला कळली नव्हती."

ते पूर्वी पाद्री होते. तरुणपणी दक्षिण अमेरिकेतल्या एका डोंगराळ देशात गेले, खाणीच्या गावात पंचवीस वर्षं राहिले. परत आल्यावर पाद्रीपण सोडलं, शाळेत शिकवलं, निवृत्त झाले. लग्न केलं नाही. गाव त्यांना अजूनही फादरच म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. त्या देशाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्या राष्ट्राध्यक्षांची ही गोष्ट आहे त्यांच्या मुलीने मला तशी विनंती केली आहे.

तिसऱ्या खेपेला फादर म्हणाले, "मला एक पुस्तक पुरं करायचंय आणि माझे डोळे गेलेत. तू वाचशील?" पुस्तक होतं त्यांच्या मित्राचं चरित्र. मित्र त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. "कागद सगळे हॉट प्रेसमध्ये आहेत," असं ते म्हणाले तेव्हा मला वाटलं, पुस्तक छापायलाच गेलंय. मग कळलं की इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाला हॉट प्रेस. मेयोच्या ओलीत कागद टिकावेत म्हणून त्यांनी ते टॉवेलांच्या मागे रचून ठेवले होते. पत्रं, कॅसेटी, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेली दीडशे पानं.

उन्हाळाभर आम्ही बागेत बसलो. थंडी सुरू झाल्यावर मी काचेच्या पोर्चमध्ये आणि ते आत स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ, मधलं दार उघडं. मी स्पॅनिश पत्र मोठ्याने वाचायची, मग त्याचं इंग्रजी करून ऐकवायची. ते डोळे मिटून ऐकायचे आणि मध्येच सांगायला लागायचे.

अशा रीतीने मला ते राष्ट्राध्यक्ष भेटले. बाप खाणीतल्या धुळीने छाती भरून वारलेला. आई खाणकामगारांचे कपडे धुवायची. पोरगा इतका काटकुळा की सगळं गाव त्याला लुकड्या म्हणायचं. तो शिकला आणि त्याच गावात शिक्षक झाला. तरुण फादर तिथे पोचले तेव्हा दोघं एकाच वयाचे होते. चर्चच्या मागच्या खोलीत त्यांनी एक छोटं रेडिओ केंद्र उभारलं. दिवस मावळला की लुकड्या मास्तर रेडिओवरून अक्षरं शिकवायचे. वरच्या वाड्यांवर, जिथे शाळा नव्हती, तिथली माणसं बॅटरीवरच्या रेडिओभोवती बसून मातीत काडीने अक्षरं गिरवायची. मास्तरांचं अक्षर चांगलं म्हणून कामगार त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायला लागले. अर्ज लिहिता लिहिता ते युनियनचे सेक्रेटरी झाले. संपात तुरुंगात गेले, सुटून आले ते नगराध्यक्ष झाले, मग संसदेत गेले आणि चाळिशीच्या आत राष्ट्राध्यक्ष.

फक्त एकवीस महिने. तेवढ्यात त्यांनी डोंगरातल्या लोकांना त्यांच्या जमिनीचे कागद दिले, शाळा काढल्या. चुकाही केल्या. विरोधात लिहिणाऱ्या एका संपादकाला आत टाकलं, जुन्या सोबत्यांचं ऐकेनासे झाले. "हट्टी होता," फादर म्हणायचे. "मी त्याला तोंडावर सांगायचो. तो म्हणायचा, तुझ्याकडे देव आहे, तू थांबू शकतोस. मला वेळ नाही."

मग सैन्याने सत्ता घेतली. राष्ट्राध्यक्ष बटाट्याच्या ट्रकमध्ये लपून आपल्या गावी आले आणि फादरांच्या घरात, रेडिओच्या तबकड्या ठेवायच्या खोलीत, अकरा दिवस राहिले. तिघांनाच माहीत होतं: फादर, ते स्वतः, आणि जेवण आणून देणारी स्वयंपाकीण. बाराव्या दिवशी सकाळी सैनिक आले आणि दुसरं एकही दार न उघडता सरळ त्या खोलीपाशी गेले. पुढे तुरुंग, मग देशाबाहेर हकालपट्टी. परक्या शहरात मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेत ते पन्नाशीच्या आत वारले.

"स्वयंपाकिणीने सांगितलं," फादर म्हणाले होते. "गाव तरी तसंच म्हणतं." पुस्तकातही तसंच होतं.

परदेशातून राष्ट्राध्यक्षांनी फादरांना सहा पत्रं लिहिली होती. चौथं मी जुलैत वाचलं. त्यात होतं, 'तिला सांग, माझा तिच्यावर राग नाही. तिला चार पोरं आहेत. कुणी तिच्या दारात उभं राहून धमकावलं असेल तर ती काय करणार? माझ्या वतीने तिला भेट, भाऊ.' फादर गुलाबांकडे तोंड करून बसले होते.

"मग तुम्ही भेटलात?" मी विचारलं.

"ती गाव सोडून गेली होती," ते म्हणाले.

मला त्यात काही खटकलं नाही. मी त्यांच्यावर जीव टाकला होता, हे आता लिहायला हरकत नाही. ऑगस्टमध्ये पुण्यात बाबांना कोविड झाला. एकवीस दिवस ते दवाखान्यात, विमानं बंद, आई एकटी. त्या एकवीस दिवसांत फादरांनी रोज चार वाजता मला फोन केला. "आज ऑक्सिजन किती?" एवढंच विचारायचे, मग मी रडत असले तर गप्प ऐकत बसायचे. बाबा घरी आले त्या दिवशी त्यांनी मला बागेतले सगळे गुलाब कापून दिले. घरी मी ताईशी बोलताना त्यांना आजोबाच म्हणायला लागले होते. पुस्तकावर माझं नाव त्यांच्या नावाखाली येईल, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. डब्लिनच्या एका छोट्या प्रकाशकाने हस्तलिखित मागवलंही होतं.

राष्ट्राध्यक्षांची मुलगी स्पेनमध्ये असते, पंचावन्नच्या आसपासची. फोटोंसाठी मी तिला ईमेल करायला लागले. ती फादरांना काका म्हणायची. एकदा तिने लिहिलं, 'गाव सोडताना माझी आई त्या बाईच्या दारावर थुंकली होती. मी सात वर्षांची होते. मीही थुंकले. मला त्याचा अभिमान वाटायचा.'

नोव्हेंबरमधली दुपार होती. फादरांनी मला कपाटातून एक गठ्ठा काढायला सांगितला होता, मी बहुधा त्याच्या मागचा काढला. त्यांना दिसलं नाही. वरून चौथा कागद बिशपांचा होता, टाइप केलेला, अर्ध्या पानाचा. मी आधी डोळ्यांनी वाचला. बिशपांनी लिहिलं होतं की कर्नलसाहेबांनी आभार कळवलेत; आपण मंगळवारी दिलेल्या माहितीमुळे प्रकरण आपल्या दारात रक्त न सांडता मिटलं; रेडिओची परवानगी महिनाभरात परत मिळेल. आणि शेवटी: स्वयंपाकिणीबद्दल लोक बोलतात ते बोलू द्यावं, आपण खुलासा करू नये.

"कसलं आहे ते?" आतून फादरांनी विचारलं.

"सामानाची यादी," मी म्हणाले.

कागद मी कोटात घातला आणि पुढचं वाचायला घेतलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघत होता याचं मला नवल वाटत होतं.

तीन दिवस मी गेले नाही. ताईला दाखवलं. तिने हातमोजे काढून दोनदा वाचलं. ती म्हणाली, "चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस आहे गं. मी रोज त्यांच्या वयाची माणसं जाताना बघतेय. सोडून दे. तुझा काय संबंध?"

"त्या बाईचा आहे ना."

"ती जिवंत तरी असेल का?"

हे मला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी मी गेले. पोर्चमध्ये न बसता दारातच उभी राहिले आणि ते पत्र त्यांना स्पॅनिशमध्ये वाचून दाखवलं, तारखेपासून सहीपर्यंत.

शेगडीवर किटली उकळत होती. ती त्यांनी उचलली नाही.

"त्यांनी माझे तीन शिक्षक धरले होते," ते म्हणाले. "रेडिओवरचे. कर्नल म्हणाला, तो कुठे आहे सांग, नाहीतर हे तिघं उद्या नसतील आणि रेडिओही नसेल. माझ्याकडे एक रात्र होती. तू काय केलं असतंस?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. ते खरंच होतं. "पण ती बाई?"

"तिचं नाव मी घेतलं नाही. लोकांनी घेतलं."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो असतो तर मग कोण, असं विचारलं असतं."

"आणि ते चौथं पत्र? त्यांनी तिला माफ केल्याचं?"

ते माझ्या कानाच्या बाजूला पाहत राहिले. "ते मी कुठल्या तोंडाने नेऊन दिलं असतं?"

त्या क्षणी मला त्यांची कीव आली. मी त्यांना सांगितलं की पुस्तकात हे यायला हवं आणि त्याआधी राष्ट्राध्यक्षांच्या मुलीला हे तुमच्याच तोंडून कळायला हवं. ते म्हणाले, "मी मेल्यावर कर काय करायचं ते." मी नाही म्हणाले. शेवटी त्यांनी नाताळच्या फोनवर तिला सांगायचं कबूल केलं. ती दरवर्षी नाताळला फोन करायची. जानेवारीत मी विचारलं, "सांगितलंत?" "सांगितलं," ते म्हणाले. "रडली. मग म्हणाली, थोडा वेळ द्या. तू तिला काही लिहू नकोस, तिला त्रास होईल. ते प्रकरण मी दुरुस्त करून पाठवतो, शाळेतला एक जुना विद्यार्थी टाइप करून देतोय."

मी विश्वास ठेवला आणि तिला लिहिणार नाही असा शब्द दिला. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं. बिशपांचं पत्र मी एका पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

मार्चच्या शेवटी प्रकाशकाकडून मुद्रितं आली. ती पत्त्याच्या घोळात माझ्याच ईमेलवर आली, नाहीतर मला दिसलीही नसती. मी बारावं प्रकरण उघडलं. स्वयंपाकीण होती तिथेच होती. उलट एक वाक्य वाढलं होतं: 'तिला आम्ही सर्वांनी केव्हाच क्षमा केली.' मुखपृष्ठावर त्यांचं एकट्याचं नाव. माझं नाव शेवटच्या पानावर, आभारात: टाळेबंदीच्या काळात वाणसामान आणून देणारी शेजारची मुलगी.

मी तेवढ्यावरही गप्प राहिले असते का? आज सांगता येत नाही. पण त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षांच्या मुलीचा ईमेल आला. फार मायेने लिहिलेला होता. 'काकांनी मला नाताळला सगळं सांगितलं. तुमच्या वडिलांच्या आजारपणात तुमच्या मनावर किती ताण आला होता तेही सांगितलं. त्या काळात जुनं स्पॅनिश वाचताना तुमचा काही गैरसमज झाला आणि तुम्ही नसत्या गोष्टी जोडायला लागलात, याचं मी मुळीच वाईट वाटून घेत नाही. तुम्ही स्वतःची काळजी घ्या.'

मी ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग खाली बसले. एकवीस दिवस, रोज चार वाजता. मी जे कुणालाही, आईलाही, बोलले नव्हते ते त्या फोनवर बोलले होते. मला झोप लागत नाही, अक्षरं दिसेनाशी होतात, भीतीने हात थरथरतात. त्यांनी ते सगळं नीट जपून ठेवलं होतं आणि गरज पडली तेव्हा माझ्याविरुद्ध वापरलं होतं.

ताई आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिने ईमेल वाचला. ती कधी शिव्या देत नाही, त्या दिवशी दिली. मग म्हणाली, "पाठव ते पत्र."

मी बिशपांच्या पत्राचा आणि भाषांतरासाठी घरी आणलेल्या चौथ्या पत्राचा फोटो काढला आणि दोन्ही पाठवले. सोबत फक्त एवढंच लिहिलं: 'माझं वाचन चुकलं असेल तर तुम्ही स्वतः वाचा.'

पाठवण्यापूर्वी मी फादरांना फोन करून सांगितलं की मी पाठवतेय. ते म्हणाले, "तू मला शब्द दिला होतास."

"तुम्ही मला वेडी ठरवलंत."

"मी फक्त म्हणालो, तू दमलेली होतीस," ते म्हणाले. आणि मग अगदी हळू, "दमली होतीसच ना, पोरी?"

मी फोन ठेवला.

पाच आठवडे स्पेनहून काही आलं नाही. गावात मात्र बोलणं पसरलं. प्रकाशकाने पुस्तक थांबवलं, कारण मुलीने फोटोंची परवानगी मागे घेतली. का घेतली हे कुणाला माहीत नव्हतं, पण मी काहीतरी केलं हे सगळ्यांना माहीत होतं. केमिस्टकडची बाई, जी मला नेहमी "हाउ आर यू, लव्ह, ऑल ग्रँड?" विचारायची, ती औषधाची पिशवी सरकवून म्हणाली, "फादरनी तुला किती जीव लावला होता." क्लबच्या यादीतून माझं नाव निघालं. ताईलाही कामावर एकीने विचारलं, तुझ्या बहिणीचं काय बिनसलंय म्हणे? मी कुणाला काही सांगितलं नाही. गोष्ट माझी नव्हती.

मे महिन्यात मुलीचा फोन आला, व्हिडिओवर. पांढरे आखूड केस, डोळे बापाचे. मी फोटोंत पाहिले होते तसेच. ती म्हणाली, "मी पाच आठवडे ते पत्र रोज वाचलं. मला आशा होती, एक दिवस त्यात दुसरं काहीतरी लिहिलेलं दिसेल." मग ती म्हणाली, "मी तुमची माफी मागते."

"तुम्ही काय करणार होतात," मी म्हणाले. "ते तुमचे काका होते."

"हो ना. काका होते."

तिने स्वयंपाकिणीचा शोध घेतला होता. बाई अकरा वर्षांपूर्वी दूरच्या शहरात वारली होती, पण तिची थोरली लेक सापडली. ती आधी बोलायलाच तयार नव्हती. मग म्हणाली की दारावर कुणी टकटक केली की आई शेवटपर्यंत दचकायची. राष्ट्राध्यक्षांच्या मुलीने तिला बापाचं चौथं पत्र वाचून दाखवलं आणि स्वतःच्या थुंकण्याचं सांगितलं. खाणीच्या गावातल्या रेडिओवर तिने एक निवेदन पाठवलं, ते दोनदा वाचलं गेलं. त्यात फादरांचं नाव घेतलं नाही. फक्त एवढंच म्हटलं की स्वयंपाकीण निर्दोष होती आणि राष्ट्राध्यक्षांचं कुटुंब तिच्या मुलांची क्षमा मागतं.

"त्यांचं नाव का नाही घेतलं?" मी विचारलं. ते नाव घेतलं जावं असं मला वाटत होतं, हे मी लपवत नाही.

"त्या तीन शिक्षकांपैकी एकजण अजून जिवंत आहे," ती म्हणाली. "आपण कशाच्या बदल्यात वाचलो हे त्याला या वयात कशाला कळवायचं?"

ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी त्या तिघांना तोवर फादरांची सबबच समजत होते. ते खरे होते, त्यांना नावं होती, त्यातला एक नातवंडांत बसला होता. पत्र पाठवलं याचा मला पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. पण मला वाटत होतं तेवढं ते सोपं नव्हतं.

जूनमध्ये मला कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या एका औषध कंपनीत कागदपत्रं तपासायची नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी फादरांकडे गेले. का गेले, सांगता येत नाही. कदाचित त्यांनी माझी क्षमा मागावी असं वाटत होतं. ते बागेत खुर्चीवर होते, गुडघ्यांवर चादर. लस घेऊन झाली होती, मास्क नव्हता. फाटकाचा आवाज ऐकून त्यांनी मान तिरकी केली, मला कडेने पाहिलं.

"मी उद्या चाललेय," मी स्पॅनिशमध्ये म्हणाले.

वर्षभर ते मला स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणत आले होते, घरच्या पोरीला म्हणतात तसं. त्या दिवशी ते म्हणाले, "आपला प्रवास सुखाचा होवो, बाईसाहेब." बँकेच्या साहेबाशी बोलतात तितक्या अदबीने.

मी थोडा वेळ थांबले. मग मी फाटक लावून घेतलं आणि ताईकडे सामान आवरायला गेले. ते अजून हयात आहेत, असं ताई सांगते. रस्त्यात दिसले तर ती त्यांना हाक मारते. हाक मारू नकोस, असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.